रिंगणातली दोनशे घरं



मागच्या लेखात मार्सेयमध्ये पोहे शोधण्याची धडपड लिहिली होती. त्यानंतर तुमच्यापैकी तिघांनी दुकानांचे पत्ते पाठवले, एका काकूंनी तर नकाशावर खूण करून पाठवली. पोहे मिळाले. शेव नाही मिळाली, पण इंदूरच्या माणसाने इंदूरबाहेर शेवेची अपेक्षा ठेवूच नये.

कंपनीच्या कामासाठी तीन महिने इथे आहे आणि शनिवार-रविवारी कुठे जायचं हे मी तिकीट किती स्वस्त आहे त्यावरून ठरवतो. या वेळी आर्ल निघालं. मार्सेयहून साध्या गाडीने तासाभराचा प्रवास. आर्लला रोमन लोकांनी बांधलेलं अँफिथिएटर आहे, म्हणजे ग्लॅडिएटरच्या झुंजी व्हायच्या ते लंबगोल रिंगण. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये 'ग्लॅडिएटर' सिनेमा आम्ही इतक्या वेळा पाहिला होता की संवाद पाठ होते. त्यामुळे ठरवायला फार वेळ लागला नाही.

गाडीत बसलो आणि फोन उघडला, तर घरच्या ग्रुपवर 47 मेसेज. विषय नेहमीचाच. रामबागेतलं घर.

ज्यांनी आमचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पणजोबांनी बांधलेलं, लाकडी खांबांचं, पुढे ओसरी, मध्ये चौक. आता काय करायचं यावर दोन पक्ष आहेत. दादाचं म्हणणं, पाडा आणि तीन मजले बांधा. काकांचं म्हणणं, पाडायचं नाही, घर मूळ रूपात आणायचं. नंतर झालेली सगळी जोडकामं काढायची, खांब तासून-पुसून लखलखीत करायचे आणि पुढचा भाग पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. मी काकांच्या पक्षात. नुसता पक्षात नाही, घराचा नक्शा (आमच्याकडे असंच म्हणतात) मीच कंप्युटरवर काढला होता. त्यात दोन लेयर केले होते. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'नंतरचे'. 'नंतरचे' बंद केलं की पत्र्याची पडवी जायची, काँक्रीटची मोरी जायची, जिन्याखालची अंधारी खोली जायची आणि घर कसं मोकळं, मासिकातल्या फोटोसारखं दिसायचं. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. मागच्या दोन खोल्याही त्याच लेयरमध्ये होत्या. तिथे आमच्या भाडेकरू मावशी राहतात, माझ्या जन्माच्या आधीपासून.

असो. फोन खिशात टाकला आणि आर्लला उतरलो.

स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चाललं की प्लास लामार्टिन नावाचा चौक लागतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ते प्रसिद्ध पिवळं घर इथे होतं. 'होतं' म्हणतोय कारण 1944 च्या बॉम्बफेकीत ते गेलं. पुढे गावाच्या जुन्या वेशीतून आत शिरायचं आणि चढाच्या रस्त्याने जात राहायचं. दोन्ही बाजूंना दुकानं, वर वाळत घातलेले कपडे, आणि रस्त्याच्या टोकाला एकदम कमानींवर कमानी. गावाने जणू जागा देण्यासाठी अंग चोरलंय इतकी ती इमारत घरांना चिकटून आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही. आर्ल हे ऱ्होन नदीच्या काठचं बंदर. इसवी सनापूर्वी 49 मध्ये ज्युलियस सीझर आणि पाँपे यांचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा मार्सेयने पाँपेची बाजू घेतली. सीझरला मार्सेयला वेढा घालायचा होता आणि त्यासाठी जहाजं हवी होती. ती आर्लने बांधून दिली. बारा जहाजं, झाडं तोडण्यापासून ती सज्ज होईपर्यंत 30 दिवसांत, असं सीझरने स्वतःच लिहून ठेवलं आहे. (आमच्या प्रोजेक्टमध्ये 30 दिवसांत लॉगिनचं पान मंजूर होत नाही.) मार्सेय हरलं, त्याच्या ताब्यातला बराच मुलूख आर्लला मिळाला आणि इसवी सनापूर्वी 46 मध्ये सीझरच्या सहाव्या लीजनच्या निवृत्त सैनिकांची वसाहत इथे वसवली गेली. म्हणजे एका अर्थी हे पेन्शनर सैनिकांचं गाव. आपल्या महूच्या लोकांना कल्पना येईल.

अँफिथिएटर त्यानंतर जवळजवळ एकशे पस्तीस वर्षांनी, इसवी सन 90 च्या सुमारास झालं. रोमचं कोलोसियम 80 मध्ये खुलं झालं होतं आणि त्याची ही धाकटी आवृत्ती. लांबी 136 मीटर, रुंदी 109 मीटर, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर 60 कमानी, वीस हजार माणसं बसतील एवढी जागा. मला सगळ्यात जास्त आवडली ती आतली ये-जा. कमानीतून आत गेलं की गोल फिरणारी गच्ची-बोळ लागते, तिच्यातून जिने, जिन्यांतून थेट आपापल्या रांगेत उघडणारी दारं. हजारो माणसं एकमेकांच्या पायावर पाय न देता बाहेर पडावीत असा हा सगळा हिशेब. एकदा राजवाड्यासमोर रंगपंचमीच्या गेरमध्ये अडकलेल्या माणसाला या हिशेबाची किंमत कळते. बोळांचं छत बघायला विसरू नका. रोमन म्हटलं की आपण कमान आणि घुमटच धरून चालतो, पण इथे वर मोठमोठ्या सपाट शिळा टाकल्या आहेत. हा भाग रोमनांच्या आधीपासून ग्रीक वळणाचा होता, त्या कारागिरीचा हा माग.

कोण कुठे बसणार हेही ठरलेलं. मानकरी खाली, रिंगणाजवळ. बाकीचे वर वर. आर्लपासून तीसेक किलोमीटरवर नीम नावाचं गाव आहे (आपल्या कडुनिंबाशी संबंध नाही), तिथेही असंच अँफिथिएटर आहे. त्यातल्या दगडावर लेख कोरला आहे की ऱ्होन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांसाठी इथल्या 40 जागा राखीव. दोन हजार वर्षांपूर्वीचं आरक्षण, दगडात कोरलेलं, म्हणजे रद्द होण्याची भानगड नाही.

मी आत गेलो तेव्हा रिंगणात दोन माणसं वाळू सारखी करत होती. आत्ताची वाळू खाली आहे. मूळची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि बरीच वर होती. झुंजी, जनावरांच्या शिकारी, जे काय व्हायचं ते त्या फळ्यांवर. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, सिनेमांनी लिहून ठेवलंय.

तिकिटाबरोबर मनोऱ्यावर चढता येतं म्हणून चढलो. वरून ऱ्होनचं वळण दिसतं, लालसर कौलं दिसतात, लांबवर डोंगररांग. तेव्हा एक गोष्ट खटकली. हा मनोरा इथे कशाला? कोलोसियमला मनोरे नाहीत. मी ज्यावर उभा होतो तो चौकोनी, ओबडधोबड, खालच्या नाजूक कमानींवर पागोटं ठेवावं तसा बसवलेला.

खाली एक फलक होता आणि त्यावर एक जुनं कोरीवचित्र छापलेलं होतं. त्यात हेच अँफिथिएटर, याच कमानी, आणि आत ठासून भरलेली घरं. उतरती छपरं, धुराडी, गल्ल्या, मधोमध छोटा चौक. मला आधी वाटलं कुणा चित्रकाराची कल्पना असेल.

कल्पना नव्हती. रोमन साम्राज्य संपलं, खेळ संपले, आणि पाठोपाठ स्वाऱ्या आणि धामधुमीची शतकं आली. तेव्हा आर्लच्या लोकांनी सरळ विचार केला. गावात आधीच एक प्रचंड दगडी कडं उभं आहे, जाड भिंतींचं. कमानी चिणून बंद केल्या की किल्ला तयार. लोक आत राहायला गेले. मध्ययुगात वर चार मनोरे बांधले, त्यांतले तीन आजही उभे आहेत. दोनशेहून जास्त घरं झाली, दोन छोटी देवळं म्हणजे चॅपल झाली. जिथे ग्लॅडिएटर मरायचे तिथे पोरं जन्माला आली, लग्नं लागली, सासवा-सुनांची भांडणं झाली असणार. हे पाच-पन्नास वर्षं नाही, शतकानुशतकं चाललं. खेळांचा काळ जेमतेम चार-साडेचार शतकांचा. घरांचा काळ त्याच्या दुपटीहून मोठा. म्हणजे हिशेबाने बघायला गेलं तर ही इमारत रिंगण कमी आणि मोहल्ला जास्त होती!

मग 1825 साल उजाडलं. तेव्हाच्या महापौरांच्या पुढाकाराने गावाने ठरवलं की हे रोमन वैभव पुन्हा मोकळं करायचं. घरं ताब्यात घ्यायला आणि पाडायला सुरुवात झाली. 1830 पर्यंत रिंगण एवढं रिकामं झालं की फ्रान्सने अल्जिअर्स जिंकल्याचा आनंद साजरा करायला तिथे बैलांचा खेळ ठेवला. 1840 मध्ये फ्रान्सने आपल्या ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी केली, तिच्यात हे आलं. 1981 मध्ये आर्लच्या रोमन वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

मी फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो. मला गंमत वाटली ती मनोऱ्यांची. घरं पाडली आणि मनोरे ठेवले. मनोरेही रोमन नाहीत, तेही 'नंतरचे'च. पण ते रुबाबदार दिसतात, त्यांत कुणी राहत नाही. शिवाय 'मूळ' म्हणजे तरी काय? हे अँफिथिएटर टेकडीवर बसवताना सम्राट ऑगस्टसच्या वेळची गावाची तटबंदी काही ठिकाणी पाडावी लागली होती. ती तटबंदी शंभरेक वर्षांची होती, म्हणजे आमच्या रामबागेतल्या घराच्या वयाची.

सोमवारी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. तो आर्लजवळच्याच खेड्यातला. तो म्हणाला, शाळेत आम्हाला रोमन लोक पाठ करायला लावले, सीझर पाठ करायला लावला, पण त्या दोनशे घरांतल्या माणसांचं पुढे काय झालं हे कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मग त्याने खांदे उडवले आणि कॉफी आणायला गेला.

बैलांबद्दल सांगतो, कारण ते त्याचा जीव की प्राण आहे. तिथे दोन प्रकारचे खेळ होतात. एक स्पॅनिश पद्धतीचा, त्यात बैल मारतात. तो मी बघणार नाही. दुसरा त्यांच्या कामार्ग भागातला. पांढऱ्या कपड्यांतली पोरं रिंगणात उतरतात आणि बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे, दोऱ्या हातातल्या आकड्याने ओढून काढतात. एका बैलाला पंधरा मिनिटं. बैल जिवंत, ठणठणीत परत जातो. जाहिरातीच्या पोस्टरवर बैलाचं नाव माणसांपेक्षा मोठ्या अक्षरांत असतं. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाचं कौतुक मालकापेक्षा जास्त होतं, तसंच. सप्टेंबरात आर्लमध्ये भाताचा उत्सवही असतो, कारण नदीच्या मुखाशी भात पिकतो. फ्रान्समध्ये भाताचा उत्सव! मी जायला उशीर केला.

व्हॅन गॉग फेब्रुवारी 1888 ते मे 1889 असा इथे होता. तेवढ्यात त्याने दोनशेच्या आसपास चित्रं काढली. त्यातलं एक या रिंगणाचं आहे, डिसेंबर 1888 मधलं, तेव्हा गोगँ त्याच्याकडे राहत होता. चित्र आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये असतं, मी ते फोनवर पायरीवर बसून पाहिलं. गंमत म्हणजे त्यात बैल जवळजवळ नाहीच. आहे ती गर्दी. टोप्या, पाठी, छत्र्या, एकमेकांकडे वळून बोलणाऱ्या बायका. रिंगण लांब कोपऱ्यात. त्याच महिन्यात, 23 तारखेला, त्याने स्वतःचा कान कापला.

बाकीचं आर्ल मी दुपारी भराभर पाहिलं. जुनं थिएटर शेजारीच आहे, त्याचे दोनच खांब पूर्ण उभे आहेत आणि गावकरी त्यांना 'दोघी विधवा' म्हणतात. त्याचे दगड गावाने शतकानुशतकं घरं बांधायला नेले. तिथे 1651 मध्ये सापडलेली व्हीनसची मूर्ती राजा चौदाव्या लुईकडे गेली आणि आता पॅरिसला लुव्रमध्ये आहे. मुख्य चौकात एक दगडी स्तंभ आहे, तो मूळचा रथशर्यतीच्या मैदानातला, 1676 मध्ये उचलून इथे आणून उभा केलेला. या गावात एकही दगड आपल्या जागेवर राहिलेला दिसत नाही. सगळ्यांच्या बदल्या झालेल्या.

संग्रहालय मात्र चुकवू नका, गावाबाहेर पायी वीस मिनिटं आहे. तिथे नदीतून काढलेली 31 मीटर लांबीची रोमन माल वाहायची नाव आहे. 2004 मध्ये सापडली, 2011 मध्ये वर काढली. दगडांचा माल भरलेला असताना बुडालेली. सपाट तळाची, आपल्या नर्मदेवरच्या होड्यांना थोरली बहीण शोभेल अशी. तिच्यासमोर एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते आणि नातू सारखा विचारत होता की नावाडी कुठे गेले. आजोबांनी उत्तर दिलं की नाही, ते मला फ्रेंच येत नसल्यामुळे कळलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत लॅपटॉप उघडला. नक्शाची फाइल काढली. 'नंतरचे' चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. मग एक एक तुकडा सुटा करून प्रत्येकावर साल लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की मला एकाचंही साल माहीत नाही. पडवीला पत्रा कधी टाकला? जिन्याखालची खोली कुणासाठी केली? मी हे सगळं एका लेयरमध्ये कोंबलं होतं, कारण मी जन्मल्यापासून ते फक्त 'आडवं येणारं' होतं.

ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत गोंधळ. आत्या म्हणाली, जिन्याखालची खोली तिच्या बाळंतपणासाठी केली होती, आणि तुझा बाप त्या खोलीत अभ्यासाला बसायचा कारण तिथे कुणी हाक मारायचं नाही. बाबा म्हणाले, साफ खोटं, मी ओसरीवर बसायचो. मोरीच्या सालावरून काका आणि बाबांचं चांगलंच जुंपलं. पत्र्याचं कुणालाच आठवेना. शेवटी मी मावशींच्या नातवाला मेसेज केला, तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आमच्या ग्रुपवर नाही. त्याने आजीला विचारून तासाभराने लिहिलं: "आजी म्हणतेय, राजवाडा जळला त्या वर्षीचा. 84. पावसाळ्याआधीच टाकला होता. पैसे निम्मे तुमच्या आजोबांनी दिले आणि निम्मे आमच्या." आणि खाली एक ओळ: "का विचारतोयस? काही ठरलंय का?"

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. फाइलमध्ये मावशींच्या दोन खोल्यांवर साल लिहायची जागा रिकामी आहे. त्या खोल्या नंतरच्या आहेत की पहिल्यापासूनच्या, हेही घरात कुणाला नक्की सांगता येईना.

नवा नक्शा ग्रुपवर टाकला तेव्हा दादाने लिहिलं, "म्हणजे पाडायचं की नाही ते सांग." मी लिहिलं, "मावशींशी कुणी बोललंय का?" बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा सगळ्यांच्या दिसत होत्या. मग काकांचा मेसेज आला: "दिवाळीला ये. त्यांना पण वर बोलावू. बसून बोलू."

तिकीट काढलंय. पुढचा लेख इंदूरहून.